प्रयोगकर्ता, प्रयुक्त आणि प्रात्यक्षिकाची वही

गारखेडा आज छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिण अंगाचे गजबजलेले उपनगर आहे. सूतगिरणी चौक, विभागीय क्रीडा संकुल, 1989 साली सुरू झालेले डॉ. हेडगेवार रुग्णालय, शिवाजीनगर आणि पुंडलिकनगरच्या वसाहती ही त्याची आजची ओळख. काही दशकांपूर्वी ते शहराबाहेरचे खेडे होते आणि त्याआधी निजामाच्या मुलखातले. इथल्या घरातून कला शाखेकडे निघालेली मुलगी ऐच्छिक विषयांच्या यादीत मानसशास्त्र वाचते, तेव्हा तिला तो नवा, शहरी, पुण्या-मुंबईकडून आलेला विषय वाटतो. पुढे समुपदेशक व्हायचे म्हणून कोणी तो घेते, गुण बरे पडतात म्हणून कोणी. वास्तविक हा विषय या मुलखात शंभरेक वर्षांपूर्वीच येऊन पोहोचला होता. तो तीन वेगवेगळ्या वाटांनी आला, तीन वेगवेगळ्या भाषांतून शिकवला गेला, आणि दर वेळी त्याचा एकच भाग वाटेत मागे राहिला. तो भाग म्हणजे प्रात्यक्षिक. मानसशास्त्राची पहिली इयत्ता म्हणजे फ्रॉइड, पाव्हलॉव्ह आणि मॅस्लो यांची तोंडओळख, असे आपण धरून चालतो. पण या विषयाचा इतिहास नीट पाहिला तर ती आधी एका कृतीची ओळख आहे. एका माणसाने दुसऱ्याला समोर बसवावे, ठरलेल्या शब्दांत सूचना द्याव्यात, तो काय करतो याची नोंद घ्यावी आणि ती नोंद आपल्या मताविरुद्ध गेली तरी खोडू नये, एवढी ती कृती. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ती नसेल तर उरलेले सगळे पाठांतर होते, हे माझे म्हणणे मराठवाड्याच्या इतिहासातून तपासून पाहायचे आहे.

मनाविषयी बोलणे जगात कुठेच नवे नव्हते. नवे होते ते 1879 साली लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी उभी केलेली प्रयोगशाळा. घड्याळ, ताल मोजणारे यंत्र आणि समोरासमोर बसलेले दोन विद्यार्थी, एवढ्या सामग्रीवर तत्त्वज्ञानाच्या पोटातून एक शास्त्र वेगळे निघाले. भारतात ते लवकर आले. ब्रजेंद्रनाथ सील यांनी कलकत्ता विद्यापीठासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच प्रायोगिक मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा आराखडा केला होता, आणि 1915-16 च्या सुमारास नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी तिथला विभाग हाती घेतला. सेनगुप्ता हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले, आणि म्युन्स्टरबर्ग स्वतः वुंट यांचे विद्यार्थी. म्हणजे लाइपझिगहून कलकत्त्याला यायला मधे एकच पिढी लागली. 1924 साली म्हैसूर विद्यापीठात एम. व्ही. गोपालस्वामी यांनी दुसरा विभाग उभारला. ते लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली तयार झाले होते. या दोन्ही ठिकाणी अभ्यासक्रम सुरू झाला तो प्रयोगशाळेसकट. मराठी मुलखाला मात्र पुष्कळ थांबावे लागले. पुणे विद्यापीठ 1949 साली स्थापन झाले आणि तिथला विभाग पुढच्याच वर्षी प्रा. वा. कृ. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्याचे नावच ‘प्रायोगिक मानसशास्त्र विभाग’ असे ठेवले गेले, आणि त्या नावात एक आग्रह होता. तोवर आपल्या महाविद्यालयांतून मानसशास्त्र सहसा तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्राच्या पंगतीत, तत्त्वज्ञानाचा एखादा पेपर म्हणून शिकवले जाई, आणि पेपरला प्रयोगशाळा लागत नाही.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, म्हणून इथली गोष्ट पुण्यापासून सुरू होत नाही. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू केले. आधुनिक विद्या देशी भाषेतून पदवीपर्यंत शिकवण्याचा हिंदुस्थानातला तो पहिला मोठा प्रयत्न होता, आणि त्यासाठी आधी पुस्तके हवी होती. दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, 1917 सालीच कामाला लागला. ‘उमराव जान अदा’चे लेखक मिर्झा हादी रुसवा आयुष्याच्या उत्तरार्धात याच विभागात होते आणि त्यांनी तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्रावरची पुस्तके उर्दूत आणली. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, या उद्योगाशी जवळचा संबंध होता. 1912 साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झालेले मौलवी अब्दुल हक इथेच राहत, संस्थेची कचेरी इथेच होती, आणि 1923 साली सुरू झालेल्या इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. आजचे शासकीय कला आणि विज्ञान महाविद्यालय म्हणजे तेच कॉलेज. या कामाचे मोल मराठी लेखनात फारसे कोणी मांडलेले नाही आणि ते मांडले पाहिजे, कारण मराठीत विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांची पद्धतशीर निर्मिती सुरू होण्याच्या कितीतरी आधी निजामाच्या राज्यात पदवीच्या विद्यार्थ्याला मनाचे शास्त्र त्याच्या देशातल्या एका भाषेत वाचायला मिळत होते. पण उर्दूत आले ते पुस्तक. आत्मा, बुद्धी, इच्छा, भावना यांवरचे विवेचन उत्तम उतरले. समोर बसलेल्या माणसाची नोंद उतरली नाही, कारण ती भाषांतरातून येणारी गोष्टच नव्हे. शिवाय खेड्यातल्या मराठी मुलाला ते पुस्तकही परक्या भाषेतलेच होते. घरी मराठी आणि सरकारी हायस्कुलात उर्दू, अशी त्याची फारकत होती. सरस्वती भुवनसारख्या शाळांनी 1915 पासून मराठीची जागा राखली, ती शाळेपुरतीच.

मग दहा वर्षांत सगळे उलटेपालटे झाले. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि उस्मानियाचे माध्यम इंग्रजीकडे वळले. जून 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाची सुरुवात झाली. एकाच दशकात माध्यम, राज्य आणि विद्यापीठ तिन्ही बदलले. मिलिंदच्या स्थापनेत मानसशास्त्राच्या दृष्टीने एक धागा मला महत्त्वाचा वाटतो. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात शिकले, आणि जॉन डुई यांच्या ज्या वर्गांत ते बसले त्यांतल्या एकाच्या नावातच ‘मानसशास्त्रीय नीतिशास्त्र’ हे शब्द होते. डुई आज शिक्षणविचारासाठी ओळखले जातात, पण त्यांचे पहिले पुस्तक 1887 सालचे मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक होते आणि 1899 साली ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. विचार म्हणजे अडलेल्या माणसाने करून पाहण्याची क्रिया, ही त्यांची भूमिका या घडणीतूनच आली. आणि बाबासाहेबांनी महाविद्यालयाला ज्या राजाचे नाव दिले, त्याची कीर्ती प्रश्न विचारण्याबद्दल आहे. भिक्षू नागसेनाला मिलिंद राजाने विचारलेला पहिलाच मोठा प्रश्न ‘तू म्हणजे नेमके काय’ या स्वरूपाचा आहे, आणि आजच्या कुठल्याही प्रथम वर्षाच्या पुस्तकातले ‘स्व’वरचे प्रकरण त्याच प्रश्नाने उघडता येईल. शहराच्या उत्तरेला नागसेनवनात हा प्रश्न पाटीवर कोरलेला असल्यासारखा असताना, शिकवण्याची पद्धत मात्र प्रश्नाची व्हायची ती टिपणांची झाली. नव्या विद्यापीठाच्या विस्ताराची घाई होती, जिल्ह्याजिल्ह्यांत कला महाविद्यालये उघडत होती, आणि ज्या विषयाला खडू-फळा पुरतो तो आधी उघडला जाई.

उर्दू पुस्तके आणि नवी महाविद्यालये या दोन वाटांनंतरची तिसरी वाट सगळ्यांत रुंद होती आणि तिच्याकडे या विषयाचे इतिहासकार सहसा पाहत नाहीत. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, आणि गावोगाव शिक्षक लागले. हे शिक्षक अध्यापक विद्यालयांतून तयार झाले आणि तिथे शैक्षणिक मानसशास्त्र सक्तीचे होते. मराठवाड्यात मानसशास्त्राचा पहिला धडा सर्वांत जास्त लोकांनी घेतला तो बी.ए.च्या वर्गात नव्हे, डी.एड.च्या वर्गात. थॉर्नडाइकची पिंजऱ्यातली मांजर आणि प्रयत्न-प्रमाद, पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि अभिजात अभिसंधान, कोलरचा सुलतान नावाचा चिंपांझी आणि मर्मदृष्टी, हे त्रिकूट वैजापूर-कन्नडपासून उदगीर-औशापर्यंतच्या प्राथमिक शिक्षकांना तोंडपाठ होते आणि आहे. यातले काही वर्गात उतरले, हे नाकारण्याचे कारण नाही. मारण्यापेक्षा शाबासकीने मूल लवकर शिकते, एवढे जरी एखाद्या गुरुजींनी यातून घेतले असेल तरी तो अभ्यासक्रम कारणी लागला. पण थॉर्नडाइकने 1898 साली मांजराला पिंजऱ्यातून सुटायला दर खेपेला किती वेळ लागतो याच्या नोंदी ठेवल्या आणि आलेख काढला, ही गोष्ट बाजूला पडून फक्त मांजर उरली. शिकणाऱ्या शिक्षकाने स्वतःच्या वर्गातल्या एका मुलाला पाढा शिकताना दर दिवशी किती चुका होतात ते मांडून पाहिले असते, तर तोच आलेख त्याच्या वहीत आला असता. 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र यांना 150 पैकी 30 प्रश्न मिळाले. विषयाची प्रतिष्ठा वाढली असे वरवर वाटते. प्रत्यक्षात सिद्धांत आणि शास्त्रज्ञ यांच्या जोड्या लावण्याचा तो गाईडांचा मोठा बाजार झाला. करून पाहण्याची कृती काढून घेतली की या शास्त्राचे काय उरते, त्याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

मराठीत हे काम कधी झालेच नाही, असे मात्र नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या मुलांवर बिने-सिमाँ बुद्धिमापन कसोटीचे जे रूपांतर केले, ते 1934 साली ब्रिटनमधल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आले आणि 1940 साली पुस्तकरूपाने निघाले. ते कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी होते. मूळ कसोटी 1905 साली पॅरिसच्या शाळांतल्या मागे पडणाऱ्या मुलांसाठी तयार झाली होती. तिचे नुसते भाषांतर करून चालत नाही, हे कामतांना ठाऊक होते. कोणता प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला सुटतो आणि कोणता सात वर्षांच्या, हे फ्रान्समध्ये ठरलेले इथे लागू पडत नाही. प्रश्न इथल्या मुलांपुढे ठेवावे लागतात, उत्तरे मोजावी लागतात, आणि प्रश्नांची पायरी नव्याने लावावी लागते. बिने-कामत कसोटी पुढे अनेक दशके भारतभर वापरली गेली. तिची प्रमाणके जुनी झाली, पिढ्यापिढ्यांतून गुण चढत जातात हे जगभर दिसून आल्यावर तर ती फारच जुनी ठरतात, आणि एखाद्या मुलाचे भवितव्य आज तिच्यावर ठरवणे धोक्याचे आहे. तरीही दारुल तर्जुमाचे काम आणि कामतांचे काम यांत जो फरक आहे, तोच मला दाखवायचा आहे. एकाने पुस्तक आणले. दुसऱ्याने पद्धत आणली आणि ती आपल्या पोरांवर चालवून पाहिली. पुण्यात 1962 साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी काढली, तीही या दुसऱ्या वाटेने गेली. गिल्फर्ड यांची बुद्धीची मांडणी घेऊन तिथे मराठी मुलांसाठी कसोट्या रचल्या गेल्या. मराठवाड्यातल्या पहिल्या वर्षाच्या वर्गापर्यंत ही वाट पोहोचायची तर प्रात्यक्षिकाच्या वहीतूनच.

ही वही, म्हणजे जर्नल, ज्याने कधी उघडली नाही त्याला ती क्षुल्लक वाटेल. डावीकडे प्रयोगकर्त्याचे नाव, उजवीकडे प्रयुक्ताचे, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याचे, खाली उद्दिष्ट, साहित्य, सूचना, तक्ता, निष्कर्ष आणि प्रयुक्ताचे आत्मनिवेदन. प्रयोग ठरलेले: अवधान कक्षा, आरशात पाहून चांदणी गिरवणे, निरर्थक शब्दावयवांचे स्मरण, म्यूलर-लायर भ्रम. यांतल्या शेवटच्याचाच विचार करू. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. दुसरी लांब दिसते. सरकती पट्टी हलवून प्रयुक्ताने दोन्ही सारख्या करायच्या आणि प्रयोगकर्त्याने चूक मिलिमीटरमध्ये मांडायची. विद्यार्थी हा प्रयोग उरकून टाकतात, कारण त्यामागची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज डॉक्टरने हीच रेषा 1898 साली टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटावर आणि 1901-02 मध्ये निलगिरीतल्या तोडा लोकांपुढे ठेवली. युरोपीय माणूस या रेषेला जितका फसतो तितके तोडा फसले नाहीत. म्हणजे डोळ्यांनी पाहणे हीसुद्धा सगळीकडे एकसारखी गोष्ट नाही, ही शंका ज्या जुन्या मोजमापांतून उभी राहिली त्यांतले एक आपल्या देशात झाले आहे. पुढे 1966 साली सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स यांनी अनेक समाजांतली मापे एकत्र करून ती शंका बळकट केली; चौकोनी खोल्यांच्या, काटकोनी कोपऱ्यांच्या जगात वाढलेल्या डोळ्यांना हा भ्रम अधिक होत असावा, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ते सर्वांनी मान्य केलेले नाही. पण गारखेड्याच्या सिमेंटच्या सदनिकेत वाढलेली मुलगी आणि फुलंब्रीच्या वस्तीवरच्या धाब्याच्या घरात वाढलेला मुलगा एकाच बाकावर बसतात, त्या वर्गात ते तपासून पाहणे सहज शक्य आहे.

शब्दावयवांच्या प्रयोगातही तीच संधी आहे. हर्मान एबिंगहाउस याने 1885 साली स्मरणावरचे पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती आणि प्रयुक्तही एकच होता, तो स्वतः. ज्याला काहीच अर्थ नाही असे सुमारे 2,300 अवयव त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन या साच्यात तयार केले, ते पाठ केले आणि किती काळाने किती विसरतो ते मोजले. मराठीत ही यादी करायला बसले की पहिल्या दहा मिनिटांत कळते की काम कठीण आहे. आपल्याकडे या साच्यात घर, मीठ, वेळ, कान असे अर्थवान शब्द खच्चून भरलेले आहेत, आणि ‘ठेब’ हा निरर्थक म्हणून घेतला तर एकाला ‘ठेव’ आठवते, दुसऱ्याला ‘थेंब’. प्रयुक्ताच्या आत्मनिवेदनात हे उतरते, आणि अर्थ चिकटला की लक्षात राहते ही गोष्ट पुस्तकात वाचण्याआधी वहीत सापडते. जॉन स्ट्रूप याच्या 1935 सालच्या रंगशब्दांच्या प्रयोगाला तर हे शहर फारच अनुकूल आहे. हिरव्या शाईत लिहिलेला ‘लाल’ हा शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. वाचनाची सवय आडवी येते आणि जीभ अडखळते. ज्या लिपीत वाचन अधिक सरावाचे, त्या लिपीत अडखळणे अधिक. एकाच वर्गात उर्दू, मराठी आणि इंग्रजी माध्यमांतून आलेली मुले असतील, तर शाळेच्या माध्यमाने डोळ्यांना कोणते वळण लावले हे सेकंदांत मोजता येते. शंभर वर्षे या शहरात माध्यमाचे वाद झाले. त्या वादाचा एक छोटा, पण मोजता येणारा भाग पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती देता येतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की ही सगळी उसनी विद्या आहे आणि मनाच्या अभ्यासासाठी या भूमीला ती उसनी घेण्याची गरजच नव्हती. आक्षेप मोठा आहे, कारण भूमीच तशी आहे. ज्ञानेश्वरांचे आपेगाव आणि एकनाथांचे पैठण याच जिल्ह्यात, आणि मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचणाऱ्या रामदासांचे जांब शेजारच्या जालना जिल्ह्यात. मनाचे इतके बारीक निरीक्षण करणारी परंपरा क्वचितच दुसरीकडे सापडेल, आणि प्रथम वर्षाच्या पुस्तकात तिचा मागमूस नसतो याची खंत रास्त आहे. पण त्या ग्रंथांचे काम वेगळे आहे. ते मनाला वळण लावू पाहतात. मन कसे असावे, कुठे वळावे, हे सांगतात. वर्गातल्या चाळीस जणांची मने एकमेकांपासून किती वेगळी आहेत आणि तो वेगळेपणा कशाने आला, हा प्रश्न त्यांनी घेतलेला नाही, कारण त्यांना तो सोडवायचा नव्हता. एका कामाने दुसरे होत नाही. आणि ज्या परंपरेत स्वानुभव हा पुरावा मानला गेला, तिच्या वारसाला दुसऱ्याचा अनुभव शिस्तीने नोंदवायला शिकवणे हे त्या परंपरेच्या विरोधात जाणारे नाही.

दुसरा आक्षेप माझ्या मते अधिक गंभीर आहे. लोक दुःखात असताना रेषा आणि निरर्थक अवयव मोजत काय बसायचे? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आठ हजारांच्या घरात माणसे गेली, आणि वाचलेल्यांच्या मनाचे काय करायचे हा प्रश्न पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर मराठवाड्यापुढे उभा राहिला. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये होती. मराठवाड्यात एकही नव्हते. त्यानंतर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा प्रदेश पोळला. अशा ठिकाणी मानसशास्त्राच्या वर्गाने समुपदेशन शिकवावे, ही मागणी समजण्यासारखी आहे. परंतु पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाने ते शिकवण्याचा आव आणला तर नुकसान होते. चिकित्सा करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला पदव्युत्तर प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. चार प्रकरणे वाचलेल्या एकोणिसाव्या वर्षाच्या मुलाने शेजाऱ्याच्या नैराश्याचे निदान करणे घातक आहे. त्या वयात त्याला शिकवता येते ते ऐकणे आणि नोंदवणे. समोरचा बोलत असताना आपला अर्थ त्याच्या तोंडी न घालणे, सर्वांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारणे, उत्तर अडचणीचे असले तरी लिहून ठेवणे, ही शिस्त प्रात्यक्षिकात लागते, आणि पुढे समुपदेशक होणाऱ्याला ती सर्वांत आधी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर वाणिज्य किंवा विज्ञानाच्या मुलांनाही हा विषय खुला ऐच्छिक म्हणून घेण्याची सोय झाली आहे. त्यांच्यापुढे तो नुसता ताणतणावाच्या व्याख्यानमालेसारखा ठेवला गेला, तर ही संधीही वाया जाईल.

तिसरा आक्षेप स्वतः मानसशास्त्राच्या घरातून आला आहे. 2015 साली नामांकित नियतकालिकांतले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा मूळ निष्कर्ष पुन्हा मिळाले ते साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या थोडे वर. मग जे पुस्तकात आहे तेच डळमळीत असेल तर ते शिकवावे कशाला? मला हा आक्षेप प्रात्यक्षिकाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. पाठ केलेला निष्कर्ष खोटा निघाला की पाठ करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. पण निष्कर्ष कसा काढतात हे ज्याने केले आहे त्याला तो का कोसळला तेही समजते. यात मराठवाड्याला एक वेगळी जागा आहे. मानसशास्त्रातल्या संशोधनाचे बहुतेक प्रयुक्त कुठले असतात याचा हिशेब मांडला गेला, तेव्हा अग्रगण्य नियतकालिकांतले 96 टक्के प्रयुक्त जगाच्या 12 टक्के लोकसंख्येच्या पाश्चात्त्य, उद्योगप्रधान देशांतले निघाले. हेन्रिक, हाइन आणि नोरेनझायान यांनी 2010 साली या एकांगीपणावर बोट ठेवले. मनुष्यस्वभावाविषयीच्या पुस्तकात जो मनुष्य गैरहजर आहे, तो सूतगिरणी चौकातून रोज महाविद्यालयात जातो. त्याला हे पुस्तक पाठ करायला लावण्यापेक्षा त्याच्याकडून त्यात भर घालून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

राहिला व्यवहाराचा आक्षेप, आणि तो शिक्षक मंडळींकडून हमखास येतो. वर्गात मुले जास्त, शिक्षक एक, साहित्याला पैसे नाहीत, आणि मुले आकडे ढापतात. बाहेरून परीक्षक येण्याच्या आदल्या रात्री मित्राच्या वहीतून तक्ते उतरतात. साहित्याची अडचण आज फारशी खरी नाही. आरसा, पुठ्ठा, रंगीत पेनं आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच एवढ्यात वर सांगितलेले सगळे प्रयोग होतात. आकडे ढापण्याचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तोच शिकवण्याचा विषय करावा. सर सिरिल बर्ट हे ब्रिटनमधले सर्वांत मानाचे मानसशास्त्रज्ञ. बुद्धी किती वारशाने येते हे दाखवण्यासाठी त्यांनी वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचे आकडे दिले होते. जोड्यांची संख्या 21 होती, मग तिशीच्या वर गेली, मग 53 झाली, आणि सहसंबंध मात्र प्रत्येक वेळी 0.771. लिऑन कामिन यांनी 1970 च्या दशकात हे लक्षात आणून दिले आणि एक मोठी कीर्ती कोसळली. चाळीस वह्यांचे आकडे एका तक्त्यात मांडले की ढापलेले आकडे असेच उठून दिसतात, फारच गुळगुळीत म्हणून. हे मुलांना त्यांच्याच आकड्यांवर दाखवावे. परीक्षा झाली की या वह्या रद्दीत जातात. त्याऐवजी नावे काढून, गाव, वय, शाळेचे माध्यम आणि घराचा प्रकार एवढे ठेवून प्रत्येक वर्षाचे तक्ते जपले, तर दहा वर्षांत एका महाविद्यालयाकडे स्ट्रूपच्या सेकंदांचा आणि म्यूलर-लायरच्या मिलिमीटरांचा असा साठा होईल, ज्यात गारखेडा, रोशन गेट आणि फुलंब्रीच्या मुलांची तुलना करता येईल. त्यासाठी लागेल ते एक कपाट, विद्यार्थ्यांची लेखी संमती आणि दर वर्षी त्याच सूचना त्याच शब्दांत देणारा शिक्षक.